चार बटणं, बारा माणसं

शनिवारी सकाळी साडेआठलाच मी रेडिओच्या जिन्यावर येऊन बसले होते. कार्यक्रम दहाचा, किल्ली अतुलकडे आणि अतुल यायचा नऊला. पण घरी बसवेना. पायरीवर बसून मी बोटांची पेरं मोजत होते. एका हाताच्या चार बोटांची बारा पेरं होतात. तेवढी माणसं आम्हाला एका तासात रेडिओवर बोलती करायची होती. एक कमी झालं तर आमचा तास गेला.

आमचा रेडिओ म्हणजे रेडिओ बावनताल. अधारतालच्या मुख्य रस्त्यावर भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, त्यातून तो चालतो. लहान रेडिओ आहे. इकडे कांचघर, तिकडे रिछाई, हवा चांगली असली तर त्याच्या थोडा पुढे, एवढीच त्याची धाव. शनिवारी दहा ते अकरा 'दहाचा चहा' हा कार्यक्रम असतो. रुचिरा काचेच्या आत माइकसमोर बसते, एक विषय काढते आणि लोक फोनवरून त्यावर बोलतात. कोणी हिंदीत, कोणी मराठीत, कोणी दोन्ही कालवून. काचेच्या बाहेर फोनपाशी मी बसते.

फोन एकच, तोही साधा मोबाइल. नऊ वर्षांपूर्वी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ज्याला त्याला फोन व्यस्त लागायचा आणि लोक चिडायचे. मग आम्हीच रेडिओवर सांगायला लागलो, "मिस कॉल द्या, आम्ही तुम्हाला फोन लावू." लोकांचे पैसेही वाचले. तेव्हापासून तसंच चालतं. घंटी एकदा वाजते, बंद होते, नंबर यादीत येतो. मी त्या नंबरवर फोन लावते, नाव-मोहल्ला विचारते, कागदावर लिहून काचेला लावते. मला लिहिणं-वाचणं आलं ते पन्नाशीच्या जवळ, त्यामुळे माझी अक्षरं पाटीवरच्या पोरांसारखी मोठाली. काचेपलीकडून वाचायला ती बरी पडतात. एका माणसाचं बोलून झालं की दुसऱ्याला लावायचा. तोवर रुचिरा एकटीच बोलत राहते. अशी तासात चार माणसं व्हायची, फार तर पाच.

हेच बापूसाहेबांना खटकलं. बापूसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. आयुष्यभर हेडमास्तर होते, अजूनही खिशाला लाल पेन लावतात. मागच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं, "तासात चार माणसं बोलतात आणि बाकीचा वेळ रुचिरा घड्याळाकडे बघत बोलते. त्यापेक्षा गाणी लावा. लोक निदान गुणगुणतील."

"सर, फोन एकच आहे न," रुचिरा म्हणाली. "एका नळावर पूर्ण मोहल्ला पाणी भरून राहिला तर वेळ लागणारच."

"बरं. मग नळ वाढवू," बापूसाहेब म्हणाले. "संस्था तुम्हाला जास्त लाइनींचा फोन घेऊन देईल. पण आधी मला दाखवा. कंपनीवाल्यांकडून वापरून बघायला आणा. पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. दहा ते अकरा, बारा माणसं. झाली, तर तुम्ही निवडाल तो फोन तुमचा आणि तासही तुमचा. नाही झाली, तर त्याच्या पुढल्या शनिवारपासून दहाला गाणी."

"अकराच माणसं झाली तर?" मी विचारलं.

"इंदूबाई, पास होण्याचे मार्क पस्तीस असतात. चौतीसवर मी कोणाला पास केलं नाही."

मी तीस वर्षं फॅक्टरीच्या कँटीनमध्ये वाढप केलं आहे. माणसं आणि आवाज यांची मला सवय. आता घरी मी आणि टीव्ही. तो तास गेला तर माझ्या आठवड्यात उरणार काय? नुसते सोमवार.

तर अतुल दोन यंत्रं घेऊन आला. अतुलचं रिछाईला वायरिंगचं छोटं वर्कशॉप आहे आणि आमच्या रेडिओची सगळी मशिनरी तोच बघतो. पहिलं यंत्र एक काळा डबा. आत चार सिमकार्डं, वर चार बटणं आणि बाजूला दोन रिसीव्हर. बटण रिकामं असलं की काळं, नंबर लागत असला की पिवळं, माणसाला थांबवून ठेवलं की लाल, आणि तो रेडिओवर गेला की हिरवं. तशीच चार बटणं आत रुचिरापुढे. मी बाहेरून माणूस थांबवून ठेवायचा, तिने बटण दाबलं की तो रेडिओवर.

दुसरं यंत्र म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा आणि एक हेडफोन. हे इंटरनेटवर चालायचं. आमचा जुना नंबर याच्याकडे वळवला की एका वेळी आठ माणसं त्यात मावायची. फोन कोणी उचलायचाही नाही. यंत्र स्वतः उचलणार, गोड आवाजाची बाई बोलणार, "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है, कृपया प्रतीक्षा करें," मग सतार वाजणार. पडद्यावर आठ रंगीत चौकोन, प्रत्येकात नंबर आणि कोण किती वेळ थांबलाय ते.

"बोला, कोणतं पाहिजे?" अतुलने विचारलं.

सगळ्यात आधी हात मी वर केला, पडद्यावाल्यासाठी. आठ कुठे आणि चार कुठे! त्या चौकोनांचे रंग बघून मला जत्रेत उभी असल्यासारखं वाटत होतं. रुचिरानेही तेच निवडलं. गुरुवारी आम्ही परीक्षा घेतली. अतुलच्या वर्कशॉपची पाच माणसं, रुचिराचा नवरा, तिची नणंद, माझी शेजारीण, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बरोबर चारला फोन करा आणि थांबून राहा. चारला आठही चौकोन भरले. सतार वाजली. सगळे थांबले. रुचिराने एकेकाला आत घेतलं, आवाज असा स्वच्छ की माझी शेजारीण शेंगदाणे खात होती तेही कळलं.

"काकू, बारा काय, वीस होतील!" रुचिरा नाचायचीच बाकी होती.

काळा डबा अतुलने कपाटावर ठेवून दिला.

शनिवारी बापूसाहेब पावणेदहाला आले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, पुढ्यात एक कागद घेतला, त्यावर एक ते बारा आकडे लिहिले आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

विषय होता, नोकरीचा पहिला दिवस. दहाला लाल दिवा लागला आणि रुचिराचा आवाज वर चढला, "तर सांगा, पहिल्या दिवशी तुम्ही काय घोळ घातला? और हाँ, आज हमारे पास एक नहीं, आठ लाइनें हैं!"

तिने नंबर सांगितला आणि पडदा पेटला. एक, दोन, तीन, पाच, आठ! अर्ध्या मिनिटात आठही चौकोन भरले. मी बापूसाहेबांकडे बघितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

आणि चौकोन विझले.

एक गेला, मग तीन गेले, मग सगळे. लगेच नवे आठ आले आणि तेही गेले. दिवाळीच्या माळेसारखं चाललं होतं. पेटायचं, विझायचं, पेटायचं, विझायचं. मी ज्या चौकोनावर बोट ठेवावं तो रिकामा व्हायचा. आत रुचिरा हसत होती, पण ते रेडिओचं हसू होतं. तिचे डोळे मला विचारत होते, काकू, माणूस कुठे आहे?

"अतुल, हे काहून असं करून राहिलं?" मी विचारलं.

"लाइन कटून राहिली वाटते." तो टेबलाखाली शिरला. "नेट तर फुल आहे, काकू! सगळं ठीक दाखवते!"

"गुरुवारी तर चाललं होतं."

"तेच तर!"

दहा वाजून बारा मिनिटांनी एक माणूस सापडला. मेडिकल स्टोअरवाला, अधारतालचाच. पहिल्या दिवशी त्याने खोकल्याच्या औषधाऐवजी ग्राहकाला केसांचं तेल दिलं होतं. बापूसाहेबांनी एकावर रेघ मारली. मग पुन्हा आठ मिनिटं काही नाही. रुचिराने स्वतःच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली, मग आईच्या, मग नवऱ्याच्या. तिच्याकडच्या नोकऱ्या संपत आल्या. दहा वीसला दुसरा आला, तो रॉंग नंबर निघाला. त्याला गॅसची एजन्सी हवी होती. रुचिराने त्यालाही सोडलं नाही.

"भैया, गैस बाद में, पहले बताइए, पहली नौकरी कहाँ की?"

तो बिचारा बोलला. ट्रकवर क्लीनर होता म्हणे आणि पहिल्याच दिवशी ट्रकच्या मागे धावत राहिला, कारण ड्रायव्हर त्याला चढवायला विसरला. बापूसाहेबांनी थोडा विचार करून दोनावर रेघ मारली.

"हा मोजला?" मी विचारलं.

"माणूस आहे, बोलला. मोजला. पण इंदूबाई, एकवीस मिनिटांत दोन. तुमचा जुना मोबाइल याच्यापेक्षा बरा होता."

तेवढ्यात माझ्या पिशवीतला माझा स्वतःचा फोन वाजला. बेबी. कांचघरला राहते, माझी जुनी कँटीनची सोबतीण. इतक्या वर्षांत तिने मला कार्यक्रमाच्या वेळी कधी फोन केला नव्हता, म्हणून मी घेतला.

"इंदे, तुमच्या रेडिओत कोण बाई येऊन बसली वं?"

"कोण बाई?"

"मी मिस कॉल देऊन राहिली तं ती फोनच उचलते! घंटी वाजत नाही तं उचलते! आपका कॉल महत्वपूर्ण है म्हणते. मी घाबरून कट केला. चार वेळा दिला, चारही वेळा उचलला. माझ्या समोरच्या शुक्लाइनचाही उचलला. ती म्हणे, रेडिओवाल्यांचा नंबर कंपनीनं घेतला. आता आम्ही मिस कॉल द्यायचा तरी कसा?"

मी फोन कानाला धरूनच पडद्याकडे बघितलं. आठ पेटले, आठ विझले. लाइन कटत नव्हती. लोकच कट करत होते. नऊ वर्षं आम्ही त्यांना शिकवलं होतं, एक घंटी द्या आणि ठेवा. ते बिचारे शिकवल्याप्रमाणे करत होते, आणि आमचं शहाणं यंत्र त्यांचा प्रत्येक मिस कॉल मध्येच झेलत होतं. गुरुवारी ज्यांना थांबायला सांगितलं ते थांबले. श्रोत्यांना तसं कोणी सांगितलंच नव्हतं.

"अतुल! बाहेर ये. यंत्र ठीक आहे. आपण बिघडलो आहोत."

मी सांगितलं तसा तो कपाळ चोळत उठला. "पण काकू, आता कोणाचे पैसे कटतात? सगळ्यांचं अनलिमिटेड आहे."

"सवयीला रिचार्ज लागत नाही. मला सांग, हे बाहेर फोन लावते का? आठ एकदम?"

"नाही न. कंपनीनं वापरायला दिलं ते फक्त येणाऱ्या कॉलसाठी. बाहेर लावायचं बंद आहे."

"आणि तो?" मी कपाटाकडे बोट केलं.

अतुलने कपाटावरच्या काळ्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. दहा चोवीस. "तो लावतो. चारही लाइनींवर लावतो. पण जोडायला दोन-तीन मिनिटं लागतील."

मी कागदावर लिहिलं, 'गाणं लाव. मोठं.' आणि काचेवर थापलं. रुचिराने वाचलं, एक क्षण थांबली आणि श्रोत्यांना म्हणाली, "चलो, पहली नौकरी के नाम एक गाना!" माइक बंद करून तिने दाराची फट केली. "काकू, हे काय करून राहिल्या? गाणं लागलं म्हणजे आपण हरलो न!"

"गाणं किती मिनिटांचं?"

"चार वीस."

"चार वीसनंतर तुझ्यापुढे चार माणसं ठेवते. बस आत."

अतुल खुर्चीवर चढला, डबा उतरवला, तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून वायरी काढायला लागला. बापूसाहेब उठून उभे राहिले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी पडदा दोन्ही हातांनी उचलून अतुलला जागा करून दिली आणि तो छातीशी धरून उभे राहिले.

"यावरचे नंबर पुसले जातील का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, यादी आहे," तोंडातला स्क्रू ड्रायव्हर काढून अतुल म्हणाला. "ज्यानं ज्यानं कट केलं त्याचा नंबर आहे."

"किती?"

"शंभराच्या वर."

बापूसाहेबांनी पडदा माझ्याकडे वळवून धरला.

आमचा जुना नंबर अतुलने परत मोबाइलवर वळवला. मोबाइल लगेच वाजला, एक घंटी, बंद. पुन्हा एक घंटी, बंद. हा तर आमचा ओळखीचा आवाज! मग डब्याची वायर बसली. चार बटणं एकदा चमकली आणि काळी झाली.

"लावा काकू!"

अतुल पडद्यावरून नंबर वाचायचा, मी दाबायची. पहिलं बटण पिवळं. तिकडे घंटी जाते तोवर दुसरं बटण, दुसरा नंबर. पिवळं. तिसरा. पहिल्याने उचललं. "रेडिओ बावनताल. नाव? मोहल्ला? रेडिओचा आवाज लहान करा, तुमचा नंबर पहिला, फोन ठेवू नका." लाल. दुसरीने उचललं. नाव, मोहल्ला, रेडिओ लहान करा, लाल. कँटीनमध्ये सुट्टी अर्ध्या तासाची असायची आणि माणसं तीनशे. एकाच्या ताटात भात पडतो तोवर दुसऱ्याच्या वाटीत वरण पडलं पाहिजे, तरच रांग पुढे सरकते. माझ्या हातांना ते आपसूक आठवलं.

गाणं संपलं तेव्हा दहा एकोणतीस झाले होते आणि चारही बटणं लाल होती. मी चार कागद काचेला लावले. रुचिराने ते बघितले आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते रेडिओचं नव्हतं.

तिने पहिलं बटण दाबलं. हिरवं.

रांझीचे एक रिटायर गृहस्थ. पहिल्या दिवशी फॅक्टरीचा भोंगा झाला तर त्यांना वाटलं आग लागली, पाण्याची बादली घेऊन धावले आणि सुपरवायझरच्या अंगावर ओतली. तीन. त्यांचं बटण काळं होताच मी त्यावर पाचवा नंबर लावला. रिछाईच्या नमकीनच्या कारखान्यातली मुलगी, पहिल्या दिवशी एवढं चाखलं की संध्याकाळी जेवली नाही. चार. पोस्टातले एक जण. पाच. मग बेबी आली. तिला मीच लावला होता.

"बेबीजी, पहला दिन?"

"कँटीनमध्ये लागली मी. पहिल्या दिवशी चहात साखरेच्या जागी मीठ गेलं. शंभर कप! आणि दीदी, ते मीठ मी नव्हतं टाकलं. ज्या बाईनं टाकलं ती आता तुमच्याच काचेबाहेर फोन घेऊन बसली आहे!"

बापूसाहेब इतके हसले की रेघ सहाच्या ऐवजी सातावर पडली. मग खोडून नीट केली. हेडमास्तर ते हेडमास्तर.

सात. आठ. माझा घसा कोरडा पडला, पाणी प्यायला हात रिकामा नव्हता. अतुल नंबर वाचताना ओरडायला लागला तर रुचिराने आतून हात जोडले, आवाज आत येत होता. नववे एक गुरुजी होते, ते पहिल्या दिवसावरून दुसऱ्या दिवसावर आणि तिथून निवृत्तीपर्यंत निघाले. रुचिराने तीनदा "वा, गुरुजी" म्हटलं तरी थांबेनात. घड्याळात दहा सत्तेचाळीस. बापूसाहेब पुटपुटले, "मास्तर लोकांना घंटेशिवाय थांबता येत नाही." शेवटी गुरुजी खोकले आणि त्या खोकल्यात रुचिराने "धन्यवाद गुरुजी" घातलं. नऊ. मग अधारतालचा शिंपी. दहा. मग एक नर्स. तिचा पहिला दिवस हसण्यासारखा नव्हता. पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक बाळ जन्मलं होतं आणि ते बाळ आता त्याच दवाखान्यात तिच्याबरोबर ड्युटी करतं. रुचिराने तिला घाई केली नाही. मीही काचेवर घाईचा कागद लावला नाही. बारा माणसांसाठी त्या एकीला तोडावं, असं मनात आलंही नाही. ती बोलली, थांबली, पुन्हा बोलली. अकरा.

दहा एकोणसाठ.

चौथ्या बटणावर लाल दिवा होता. शर्मिला नावाची बाई, ई-रिक्षा चालवते. मी फोन लावला तेव्हा ती सवारी घेऊन निघाली होती. मी म्हटलं, गाडी बाजूला घ्या मग बोला. ती म्हणाली, "सवारी से पूछती हूँ." मागून आवाज आला, "रोक लो दीदी, हम भी सुनेंगे!" ती बाजूला घेत होती, आणि अकराला वीस सेकंद राहिले होते. अकराला गाणी यंत्रातून आपोआप सुरू होतात. ती थांबवायची तर अध्यक्षांची परवानगी लागते, असा त्यांनीच केलेला नियम.

आत रुचिराने बटणावर बोट ठेवलं आणि काचेतून बापूसाहेबांकडे बघितलं. अतुलनेही बघितलं. मी बघितलं नाही. मी फोनमध्ये विचारत होते, "शर्मिला, गाडी थांबली का?"

"रुक गई, आंटीजी!"

बापूसाहेबांच्या पेनाचं टोक बाराच्या आकड्यावर होतं.

"अतुल," ते म्हणाले.

"जी सर?"

"बघत काय बसलास? गाण्यांना होल्डवर ठेव!"

अतुल उडी मारून यंत्राकडे गेला. बटण हिरवं झालं. आधी आला रस्त्याचा आवाज, हॉर्न, मग शर्मिला, आणि तिच्या मागे तीन सवाऱ्या एकदम. पहिल्या दिवशी तिला गाडी मागे घेता येत नव्हती, म्हणून म्हणे तिने दिवसभर फक्त पुढे जाणाऱ्याच सवाऱ्या घेतल्या. "जिसको पीछे जाना था, उसको बोला, भैया, पैदल जाओ!" सवाऱ्या हसल्या, रुचिरा हसली, काचेच्या या बाजूला आम्ही तिघं हसलो. बापूसाहेबांनी बारावर रेघ मारली. जाड, खालपर्यंत.

"झालं," मी म्हटलं आणि पहिल्यांदा पाण्याचा ग्लास उचलला.

"झालं काय?" बापूसाहेबांनी पडदा पुढे ओढला. "इथं अजून नव्वद नंबर आहेत. यांनी आपल्याला फोन केला आणि आपण त्यांना सतार ऐकवली. काय वाटलं असेल त्यांना?"

"सर, ते सोमवारपासून मी एकेकाला..."

"सोमवार काहून? लाइनी चार आहेत, तुमचे हात दोन." त्यांनी टेबलावरचा दुसरा रिसीव्हर उचलला, कानाला उलटा लावला, मग सुलटा केला. "इंदूबाई, कोणतं बटण आधी दाबायचं? आणि त्या रुचिराला कागद दाखवा, साडेअकरापर्यंत वेळ आहे म्हणून."

मी कागदावर लिहायला घेतलं. शेजारी ते छापील भाषेत बोलत होते, "नमस्कार. मी रेडिओ बावनतालहून बोलतो आहे. आपण आम्हाला मिस कॉल दिला होता. विलंबाबद्दल क्षमस्व." पलीकडून कोणीतरी काही म्हणालं. त्यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवून माझ्याकडे वळून विचारलं, "हा म्हणतो, कौन बोल रहा है बे. याला काय सांगायचं?"

"सांगा, रेडिओ लहान करा आणि थांबा. तुमचा नंबर तेरावा."